शी-वहीचं शेवटचं पान

गुजरबाई गेल्याची बातमी मला सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली. वर ‘उद्या टँकर अकरा वाजता येईल’, खाली ‘बी विंगची लिफ्ट बंद आहे’, आणि मध्ये बाई. त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. रांगेतल्या निम्म्या लोकांना बाई कोण हे ठाऊक नव्हतं. एकाने तर दुःखाच्या घाईत टँकरलाच ‘ॐ शांती’ वाहिली होती. चहाचा कप हातात धरून मी ते बघत होतो आणि रडू यायच्या ऐवजी मला किळस आली... माणूस गेल्यावर ही कसली भावना, असं तुम्ही म्हणाल. पण किळस हा माझा आणि बाईंचा जुना विषय. आमची मैत्रीच तिच्यावरून जमली.

कसबा पेठेतल्या एका शाळेत हेमलता गुजर विज्ञान शिकवायच्या आणि मी गणित. शाळेला मैदान नव्हतं. झाड म्हणाल तर भिंतीतून उगवलेला एक पिंपळ. मुख्याध्यापक तो दरवर्षी तोडायला लावत आणि तो दरवर्षी निमूटपणे परत येई. अशा शाळेत ‘अधिवास’ हा धडा शिकवायचा कसा? बाई सहावीच्या पोरांना मागच्या नळापाशी नेत. “जंगलबिंगल काही लागत नाही. चपला काढा आणि खाली बसा,” म्हणत आणि ओली फरशी उचलत. खाली गांडुळं, गोगलगायी, वाणी किडे, शेवाळ, आणि नाव नसलेलं बरंच काही. मग कुणीतरी “शी!” म्हणायचंच. बाई वाटच बघत असायच्या. जो शी म्हणेल, त्याने त्या प्राण्याचं चित्र समोर बसून काढायचं, हा नियम. त्यासाठी एक जाडजूड फुलस्केप वही होती, तिला सगळी शाळा शी-वही म्हणे. प्रत्येक चित्राखाली दोन ओळी लिहायच्या: ‘वाटलं होतं’ आणि ‘दिसलं’. एका मुलीने लिहिलेलं मला आजही पाठ आहे. ‘वाटलं होतं : गोगलगाय शेंबडी असते. दिसलं : ती स्वतःचा रस्ता स्वतः ओला करत जाते.’

माझी आणि बाईंची पहिली गाठ पडली ती उंटावरून. बाई रजेवर होत्या आणि त्यांच्या तासाला मला पाठवलं होतं. धडा होता अनुकूलन. गणिताचा मास्तर म्हणून गप्प पाढे घ्यायचे सोडून मी वर्गाला ठणकावून सांगितलं की उंट मदारीत पाणी साठवतो. किती लिटर, किती दिवस पुरेल, याचं एक उदाहरणही फळ्यावर सोडवून दाखवलं. दुसऱ्या दिवशी भर स्टाफरूममध्ये बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. “अहो कानडे, उंट म्हणजे काय टँकर आहे? चरबी असते ती. आता चाळीस पोरांच्या डोक्यातून तुमचं पाणी उपसत बसावं लागणार मला.” मी काहीतरी विनोद करून सुटलो. विनोद करून सुटणं हे माझं अनुकूलन.

पुढच्याच आठवड्यात स्टाफरूमच्या ट्यूबलाइटवरून एक पाल थेट माझ्या डब्यात पडली. मी जे “शी!” ओरडलो ते म्हणे कुंभारवाड्यापर्यंत ऐकू गेलं. बाईंनी शांतपणे शी-वही माझ्यापुढे सरकवली. “बाई, मी शिक्षक आहे.” “नियमात तसा अपवाद नाही.” पाल एव्हाना वरच्या झरोक्याच्या काचेमागे जाऊन बसली होती; दोन मोकळे तास मी स्टुलावर उभा राहून, मान वर करून तिचं चित्र काढलं. घाईत प्रत्येक पायाला चार बोटं काढली. बाईंनी वही परत पाठवली, कोपऱ्यात लाल शाईत एवढंच : ‘गणिताच्या मास्तरांना पाचपर्यंत मोजता येत नाही का?’ परत स्टुलावर चढलो. खरंच पाच होती. प्रत्येक बोटाखाली बारीक पट्ट्यांची उतरंड, आणि त्यांच्या जोरावर ती उलटी धावत होती. मी कधी खाली उतरायचं विसरलो, मलाच कळलं नाही. “नीट बघितलं नाही की किळस येते, कानडे. एवढंच असतं ते,” बाई म्हणाल्या. ही गोष्ट मी पुढे शंभर वेळा रंगवून सांगितली असेल. स्वतःची फजिती सांगण्यात माझा हात कुणी धरू शकणार नाही. त्यामागे एक सोय असते, ती मात्र मी कधी सांगितली नाही. त्यासाठीच हे लिहितो आहे.

निवृत्तीनंतर मी हिंजवडीच्या वाटेवरच्या एका सोसायटीत राहायला गेलो. मागे ओढा होता. म्हणजे चार महिने ओढा आणि आठ महिने वास. वर्षभरात बाईंनीही तिथेच तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं, ते त्या ओढ्यासाठी. काठावर पाणकणीस होतं, एक वाकडा उंबर होता, रुईची रानं माजली होती. बाई सकाळी सोसायटीतल्या पोरांना घेऊन उतरायच्या आणि रुईच्या पानाखालच्या पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्या दाखवायच्या. “ही रुईच खाते. दुसरं काही दिलंत तर उपाशी मरेल, पण तोंड लावणार नाही.” पोरांच्या आया वरून नाकाला पदर लावून बघायच्या. पदर नसलेला मीही बघायचो, रुमाल लावून.

मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. डास, वास, एकदा निघालेली धामण... तक्रारींची फाइल जाड होत गेली. मग अध्यक्षांनी, म्हणजे आयटीतल्या एका उत्साही पस्तिशीतल्या गृहस्थाने, ‘जैवविविधता उद्याना’चा आराखडा आणला. “काका, फुल इको-फ्रेंडली आहे. गुजर मॅडम पण खूश होतील.” बाई तेव्हा गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी नाशकात लेकीकडे होत्या. मी सही केली. दीड महिन्यात ओढा सिमेंटच्या पाइपात गेला, उंबर गेला, रुई गेली. वर गालिच्यासारखी हिरवळ आली, रोपवाटिकेतली रंगीत फुलं आली, आणि तळ्याच्या आकाराच्या निळ्या फरशीवर फायबरचे दोन रोहित पक्षी आले. एका पायावर उभे. दुसरा पाय कंत्राटदाराने दिलाच नव्हता.

बाई परत आल्या त्या दिवशी वॉकर धरून हिरवळीच्या कडेला उभ्या राहिल्या. आमचा माळी गजानन, यवतमाळकडचा, त्यांना म्हणाला, “बाई, फुलं तं लय लावले, पण फुलपाखरू काहून येऊन नाही राह्यलं?”

“त्याच्या पोरांना खायला काय ठेवलंय आपण?” बाई त्याला म्हणाल्या, पण बघत होत्या माझ्याकडे. मग हळूच विचारलं, “कानडे, वाचलं नव्हतंत ना तुम्ही?”

केवढी जागा ठेवली होती त्यांनी माझ्यासाठी! मी ती लगेच बळकावली. “नाही हो बाई. तुम्हाला माझं माहीत आहे. मी तर लग्नाचं रजिस्टरही न वाचता सही केलेला माणूस.” आणि हसलो. बाईही थोडं हसल्या. त्यानंतर सात महिने आम्ही रोज बोललो, पेपरवर, गुडघ्यांवर, पोहे कुणाकडचे बरे यावर. बागेबद्दल एक शब्द नाही. त्या तिथे पुन्हा कधी उतरल्या नाहीत, आणि ‘आपला बावळटपणा, दुसरं काय’ हा किस्सा मी पाहुण्यारावळ्यांना रंगवून सांगत राहिलो.

बाई गेल्या आणि पंधरा दिवसांत कमिटीने ठराव मांडला : बागेला बाईंचं नाव द्यायचं. ‘हेमलता गुजर जैवविविधता उद्यान’. संगमरवरी पाटी तयारसुद्धा होती. “काका, अनावरण तुम्हीच करायचं. तुम्ही त्यांचे सगळ्यात जुने फ्रेंड.” अध्यक्षांनी मोबाइलवर पाटीचा फोटो दाखवला. कोपऱ्यात तेच रोहित पक्षी कोरले होते. माझ्या तोंडून भर बैठकीत निघालं, “शी!”

कुणाला काही कळलं नाही. मला कळलं. मी नाशिकला बाईंच्या लेकीला, मधुराला, फोन करून शी-वहीबद्दल विचारलं. “काका, ती वही मी तुमच्यासाठीच बाजूला ठेवली होती,” ती म्हणाली आणि रविवारी घेऊन आली.

पानं मऊ झाली होती. गोगलगाय, वाणी, माझी दुरुस्त झालेली पाल... आणि शेवटच्या भरलेल्या पानावर बाईंचं स्वतःचं अक्षर. म्हणजे त्यांनीही शी म्हटलं होतं, एकटीने, बाल्कनीत बसून, आणि नियम पाळला होता. चित्र आमच्या बागेचं होतं. हिरवळ, रोहित पक्ष्यांचे दोन पाय, आणि जिथून पाणी काळं होऊन बाहेर पडतं ते पाइपाचं तोंड अर्धवट काढलेलं. खाली : ‘वाटलं होतं : कानडेंनी वाचलं नसेल.’ त्याखाली ‘दिसलं :’ आणि पुढे कोरी जागा.

मी वाचलं होतं. हे मी इथे पहिल्यांदा लिहितो आहे. आराखडा एकदा नव्हे, दोनदा वाचला होता. झुडपं समूळ काढणार, ओढा बंद पाइपात घालणार, तिसऱ्या पानावर, सगळं मराठीत, ठळक अक्षरात. वाचून मला बरं वाटलं होतं. वास जाईल, अळ्या जातील, रुमाल खिशात राहील. पाल पुरती बघितलेला माणूस ओढा न बघताच राहिला होता, आणि बाई खूश होतील हे अध्यक्षांचं वाक्य मी स्वतःला दाखवायला जपून ठेवलं होतं. बावळट माणसावर कुणी रागावत नाही. म्हणून तर मी आयुष्यभर बावळट राहिलो.

पुढच्या बैठकीत मी वही उघडून टेबलावर ठेवली आणि हेच सगळं सांगितलं. मला विनोद न करता बोलताना ऐकायची सवय नसल्यामुळे दोघे-तिघे सुरुवातीला हसले. अध्यक्ष म्हणाले, “काका, तुम्ही खूप पर्सनली घेताय. नाव तर चांगलंच आहे ना?” मी म्हणालो, नाव चांगलं आहे, म्हणूनच ते तिथे लावायचं नाही, लावायचंच असेल तर सही करणाऱ्याचं लावा. मधुरानेही नकार लिहून दिला, तेव्हा कुठे पाटी वॉचमनच्या केबिनमागे गेली, भिंतीकडे तोंड करून. सेक्रेटरीपद मी सोडलं. ओढा पाइपातच आहे.

त्यानंतर चार दिवस सकाळी मी पाइपाच्या तोंडासमोर घडीची खुर्ची टाकून बसलो आणि बाईंचं अर्धं चित्र पूर्ण केलं. फेस, चिरलेली कड, अडकलेली दुधाची पिशवी, सगळं जसंच्या तसं. नीट बघितलं की किळस जाते, असं बाई म्हणायच्या. इथे गेली नाही, वाढली. तरी खिशातला रुमाल बाहेर काढला नाही.

वही आता माझ्या टेबलावर असते. कोऱ्या जागेपुढे पेन घेऊन मी बराच वेळ बसलो होतो, एखादं चटपटीत वाक्य सुचतंय का ते बघत. मग लिहिलं :

‘दिसलं : वाचलं होतं. पान तीन, खालून दुसरी ओळ.’