नाही म्हणणाऱ्या ऑर्विलची लाकडं

ऑर्विल ट्रास्कचा हात वर गेला की तो 'नाही' म्हणायलाच जातो, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मार्चमध्ये शाळेच्या व्यायामशाळेत गावसभा भरते. वर्षाच्या खर्चाची एकेक बाब वाचली जाते आणि आम्ही कार्डं वर करून मत देतो. बर्फ काढायचा नवा ट्रक? ऑर्विल नाही. बँडच्या चौथऱ्यावर छप्पर? नाही, वाजवणाऱ्यांनी घालावं. तीस वर्षं हेच चाललंय.

मी या गावची ग्रंथपाल, नेटी. माझा पगार गावाच्या करातून येतो, म्हणजे थोडा ऑर्विलच्याही खिशातून. आणि कर म्हणजे टाय लावून केलेली चोरी असं मानणारा हा माणूस माझा सर्वांत नेमाचा वाचक आहे. आता याला काय म्हणावं?

त्याचा धंदा बोअर मारण्याचा. पस्तिशीत असताना कुठल्याशा परवान्यासाठी त्याचं यंत्र अकरा आठवडे अंगणात उभं राहिलं. रिकामा बसून वैतागला, तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे आला आणि म्हणाला, मला अडवायचा हक्क यांना दिला कुणी, यावर एखादं पुस्तक आहे का? मी तीन दिली. त्यातली दोन मुद्दाम उलट्या बाजूची होती. त्याने तिन्ही वाचली, आणि उलटी दोन आणखी एकदा. समोरच्याचं म्हणणं त्याच्याहून चांगलं मांडता आल्याशिवाय त्याला चूक म्हणू नये, हा त्याचा नियम. पुस्तकात तो रेघ मारत नाही, चिठ्ठ्या घालतो. अर्थशास्त्राच्या कपाटातलं कुठलंही पुस्तक झटका, ऑर्विलच्या दोन चिठ्ठ्या खाली पडतील. एका जाड पुस्तकात, सरकारने भाव कसे ठरवावेत त्या पानावर, त्याने लिहिलं होतं : 'पाणी कुठे लागेल ते चाळीस वर्षं भोकं पाडून मला कळत नाही. याला बसल्या जागी कसं कळतं?'

त्याच्यामुळेच गुरुवारचं वाचनमंडळ सुरू झालं. पाच जण, आठवड्याला एक प्रकरण. अध्यक्ष नाही, वर्गणी नाही, हजेरीची सक्ती नाही. निवृत्त पोस्टमन हॉलिस तर केवळ ऑर्विलशी भांडायला यायचा, आणि बर्फ पडो की काही होवो, कधी चुकवायचा नाही.

मग दोन वर्षांपूर्वी वाचनालय गरम ठेवणारा बॉयलर कायमचा बंद पडला. नवा घ्यायचा, नाहीतर नोव्हेंबर ते एप्रिल दार बंद, असं विश्वस्तांनी ठरवलं. आमच्याकडे पुस्तकं वाचायची ती हिवाळ्यातच. सहा महिने बंद राहिलेलं दार पुन्हा उघडत नाही, हे मला कळत होतं. गावसभेत बाब वाचली गेली आणि ऑर्विल उठला. अर्ध्या तासापूर्वी त्याने मीच भाजलेल्या ॲपल पायचे दोन तुकडे खाल्ले होते.

"तिथे लॉटी पेलटियर बसलीय," तो म्हणाला. "चाळीस वर्षं कारखान्यात बूट शिवले तिने. वाचनालयाची पायरी एकदाही चढली नाही. मी पुस्तकं वाचणार, आणि ऊब लॉटीने पुरवायची? ही बाब खोडा. शेगडी मी बसवतो. लाकडं ज्याला द्यावीशी वाटतील तो देईल."

लॉटीचा चेहरा लालबुंद झाला. चारचौघांत असं नाव घेतलं म्हणून मला तिची दया आली. पण कार्डं मोजली तर एकसष्ट विरुद्ध चौपन्न, बॉयलरची बाब खोडली गेली. बोलाचीच कढी नि बोलाचाच भात, म्हटलं मी, आणि ऑर्विलशी महिनाभर एक शब्द बोलले नाही.

शेगडी मात्र त्याने खरंच आणली, आणि मग खरी गंमत झाली. सार्वजनिक इमारतीत शेगडी म्हणजे परवाना आला, तपासणी आली, विमा आला. ज्या माणसाने घरची पडवीसुद्धा कुणाला न विचारता बांधली, तो हातात टोपी धरून अग्निशमन कचेरीच्या खिडकीशी उभा राहिला. तीनदा गेला. अर्जात 'कारण' या रकान्यात त्याने 'थंडी' एवढंच लिहिलं. त्या दिवशी मी त्याच्याशी बोलायला लागले.

नोव्हेंबरात पहिल्या आठवड्याला लाकडांचे चौदा ढीग आले. ऑर्विल नवरदेवाच्या बापासारखा मिरवत होता. डिसेंबरात पाच आले. जानेवारीत एक, आणि तोही ऑर्विलचाच. योगायोग असा की मंडळात तेव्हा नेमकं फुकट्यांचं प्रकरण चाललं होतं, म्हणजे सगळ्यांच्या उपयोगाच्या वस्तूला स्वखुशीने कोण हातभार लावणार, जो तो दुसऱ्याची वाट बघतो ते.

"आज वाचायलाच नको," हॉलिस म्हणाला. "मागच्या दारी जाऊन ढीग बघून येऊ."

ऑर्विल हसला नाही. एरवी त्याने तासभर उत्तर दिलं असतं. मी त्याच्या घरावरून जाताना पाहिलं होतं, त्याच्या पडवीतली रास संपत आली होती. हा गडी स्वतःचा हिवाळा आणून आमच्या शेगडीत घालत होता.

सगळे गेल्यावर मी म्हटलं, घराघराच्या पाळ्या लाव. तो म्हणाला, पाळ्या लावल्या की तो करच झाला, फक्त कागद वेगळा. मग म्हणाला, सोमवारपर्यंत लाकूड आलं नाही तर बॉयलरची बाब मीच लिहून देईन, आणि मार्चमध्ये उभा राहून सांगेन की मी चुकलो. पुस्तकात लिहिलंय म्हणून थंडी पळत नाही, नेटी.

त्याच्या तोंडून 'मी चुकलो' ऐकायची मी तीस वर्षं वाट पाहत होते. पण खरं सांगते, मला आनंद झाला नाही. मार्चपर्यंत वाचनालयाला कुलूप लागलं असतं, आणि त्याच्यासाठीही वाईट वाटलं.

"तू लोकांकडे मागितलंस का?" मी विचारलं.

"सभेत सांगितलं होतं."

"सभेत भाषण केलंस. मागितलंस का? दारात जाऊन?"

त्याने शेगडीत एक ओंडका सारला. मग हळूच म्हणाला की दारात जाऊन उभं राहिलं की माणसाला नाही म्हणता येत नाही. तीसुद्धा जबरदस्तीच.

"अरे, तूच गावाला तीस वर्षं तोंडावर नाही म्हणतोयस," मी म्हटलं. "लोकांनाही येतं नाही म्हणता. सक्ती नको करूस, पण मागायला काय झालं? आधी ताकाला तरी जा, भांडं मग लपव."

शनिवारी तो बाहेर पडला असं कानावर आलं. कुणाकडे गेला, काय झालं, विचारायचा मला धीर झाला नाही.

सोमवारी सकाळी पारा उणे वीसला होता. घरी सांगून निघाले होते की आज कुलूप लावूनच येईन. कोपऱ्यावर वळले तर वाचनालयाच्या धुराड्यातून धूर निघत होता. मागच्या दाराला आम्ही कधी कुलूप लावत नाही. आत शेगडी धडधडून पेटली होती आणि तिच्यापुढे कोट न काढता लॉटी पेलटियर बसली होती. दाराशी बर्फावरून ओढायची छोटी घसरगाडी, तिच्यात दोरीने बांधलेले आठ ओंडके.

मी दार लोटून घेतलं. म्हटलं, "लॉटी, त्या सभेत त्याने तुझं नाव घेतलं..."

"घेतलं. राग आला होता," ती म्हणाली. "शनिवारी आला माझ्याकडे. अर्धा तास विहिरीचं, हवेचं बोलत बसला. मग म्हणाला, लॉटी, थोडं लाकूड देशील का? नाही म्हटलंस तरी चालेल." तिने हात शेगडीपुढे धरले. "इतकी वर्षं माझ्या पैशांवर हे घर चाललं, नेटी. देशील का म्हणून एकदा तरी विचारलं कुणी? ये आत, असं तरी म्हटलं?"

मी तीस वर्षं या टेबलाशी बसतेय. मीही कधी विचारलं नव्हतं. मी तिच्या नावाचं वाचनालयाचं सभासद कार्ड काढायला घेतलं.

तेवढ्यात ऑर्विल लाकडांचा भारा खांद्यावर घेऊन आला आणि दारातच थबकला. त्याच्यामागे रस्त्यावर हॉलिसचा ट्रक थांबला होता. मागचा हौदा भरलेला, आणि हॉलिस आमच्याकडे न बघता ओंडके उतरवत होता.

लॉटीने टेबलावरचं गुरुवारचं पुस्तक उचललं, चिठ्ठी बाजूला सारली आणि पहिलं पान बोट ठेवून सावकाश वाचलं. "हा माणूस कारखान्यात कधी गेलेला दिसत नाही," ती म्हणाली.

ऑर्विलने भारा खाली ठेवला. "गुरुवारी हे मंडळात सांगायला ये," तो म्हणाला, आणि लगेच घाईने, "म्हणजे, यावंसं वाटलं तर."

लॉटीने त्याच्याकडे नीट पाहिलं. "मागतोयस ना?"

"हो," ऑर्विल म्हणाला. "मागतोय."

"मग येते."