अँटेना माळ्यावर होती

प्रिय इरा आणि नील,

आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चालली आहे. महिनाअखेरीस डोंबिवलीचं हे घर रिकामं करून द्यायचं, म्हणून आवराआवर चालू आहे. त्यात मागच्या आठवड्यात एक कार्ड आलं. तुमच्या आईने तुम्हाला सांगितलंय की, आजोबांना भास व्हायला एका बुधवारी दुपारी सुरुवात झाली. तिला ते मीच सांगितलं होतं. ते बहुधा चूक होतं… म्हणून हे पत्र, आणि म्हणून आत्ताच.

भुतंखेतं, संकेत असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही फारसा नाही. कोलशेतच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं तपासणी विभागात होते. माल स्वतः बघितल्याशिवाय सही केली नाही, साहेबांनी डोळे वटारले तरी नाही.

आजोबा मानपाड्याला जळलेल्या मोटरी पुन्हा गुंडाळून द्यायचे. कमाई बेताची आणि छंद हॅम रेडिओचा — सरकारी लायसन्स काढून आपल्या सेटवरून जगात कुणाशीही बोलायचं. लोकांचे सेट लाखाच्या घरातले. आजोबांचा सेट बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवलेला. पॉवर सप्लाय भंगारातल्या कॉम्प्युटरचा, अँटेनाची तांब्याची तार मोटरीतली, आणि गच्चीवरून खाली येणारी केबल म्हणजे केबलवाल्याने टाकून दिलेले तुकडे. बोलणं झालं की पुरावा म्हणून एकमेकांना कार्ड पाठवतात. आमची कार्डं लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर. ब्राझीलच्या एकाने पुढच्या बाजूचा छापील गणपती बघून विचारलं होतं, हे तुमच्या क्लबचं चिन्ह का!

आजोबांचं अक्षर त्यांचं त्यांनाही लागायचं नाही, म्हणून नोंदवही माझ्याकडे. कोण, किती वाजता, आवाज कसा. वेळ ग्रीनविचची लिहायची, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. आजोबा हेडफोनचा एक कान मला द्यायचे, मी ऐकायचे, मगच ओळीपुढे माझी सही. आमचा संसार त्या वहीत जितका नीट आहे तितका दुसरीकडे कुठे नसेल.

त्या बुधवारच्याच आठवड्यात सोसायटीने गच्चीचं वॉटरप्रूफिंग काढलं. सेक्रेटरी म्हणाले, "काकू, ती तार उतरवा, नाहीतर कामवाले कापून टाकतील. मग काका माझ्या नावाने बोंबलतील." सोमवारी मी स्वतः तार आणि केबल उतरवून घेतली, गुंडाळली, तांदळाच्या गोणीत घालून माळ्यावर टाकली.

बुधवारी दुपारी सव्वाचारच्या सुमारास मी दळण घेऊन आले. आतून आजोबांचं इंग्रजी ऐकू येत होतं — सावकाश आणि मोठ्याने, पलीकडचा बहिरा असल्यासारखं. पिठाचा डबा कडेवर घेऊन मी दारातच थांबले. डोक्याला हेडफोन, तोंडाशी माइक.

"अहो, कुणाशी बोलताय?"

त्यांनी हात वर करून मला गप्प केलं आणि माइकवर हसत इंग्रजीत सांगितलं, "माझी बायको दारात उभी आहे. चिडली आहे." मग निरोप घेतला आणि हेडफोन काढला.

"अगं, चिली! शाळामास्तर आहे, पेद्रो नावाचा. इतका स्वच्छ, जसा काही कळव्यातून बोलतोय!"

"अँटेना कुठंय?"

"कुठंय म्हणजे?"

"माळ्यावर आहे. परवाच ठेवली मी. सेटला काही लावलेलंच नाही."

त्यांनी सेटचा डबा फिरवून पाठ बघितली. अँटेनाची जागा रिकामी होती. त्यांनी तिथे बोट लावून पाहिलं. मग म्हणाले, "पण मी बोललो ना!"

मी हेडफोन लावून पाहिला. नुसती बारीक सरसर.

"वही घे, लिही," ते म्हणाले.

"जे झालं नाही ते मी लिहिणार नाही."

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

"तसं नाही म्हणाले मी. मी सही करणार नाही, एवढंच."

संध्याकाळी तुमच्या आईला फोन केला — बाबांना भास होतायत. मग डॉक्टर, तपासण्या, गोळ्या. सेट मी आवरून ठेवला. गच्चीचं काम झालं, पण तार पुन्हा चढली नाही. मीच नको म्हटलं. वर्षभराने ते खरंच बाजारातून घरी यायचा रस्ता विसरले, आणि मला वाटलं, बघा, माझं बरोबर होतं.

पुढची तीन वर्षं तुम्हाला फोनवरून माहीत आहेत. तुमची नावं गेली, माझंही गेलं. पण अगदी जाईपर्यंत चहाच्या वेळी विचारायचे, "लिहिलंस का?" आधी मी समजावायचे. मग थकले. "हो, लिहिलं," म्हणायचे. ते "बरं" म्हणून चहा प्यायचे. वहीत ती ओळ कोरीच होती.

कार्डं हॅमवाल्यांच्या क्लबमार्फत गठ्ठ्याने येतात. ते स्वस्त पडतं, पण वर्षानुवर्षं लागतात. ठाण्याच्या क्लबातले एक गृहस्थ मागच्या आठवड्यात एक कार्ड देऊन गेले. चिलीहून, पेद्रोचं. आजोबांचं कॉलसाइन, म्हणजे लायसन्सवरचं सांकेतिक नाव, अक्षर न् अक्षर बरोबर. तारीख त्याच बुधवारची. वेळ दहा अठ्ठेचाळीस. साडेपाच तास मी बोटांवर मिळवले, मग कागदावर. चार अठरा. आवाजाला पैकीच्या पैकी मार्क. आमच्या अख्ख्या वहीत तसा शेरा कुणी दिलेला नाही. आणि खाली हाताने, मोडक्या इंग्रजीत: 'दारात उभ्या असलेल्या बाईंना माझा नमस्कार. आता राग गेला असेल.'

मग मी जन्मभर जे केलं तेच केलं — तपासलं. अँटेना नसताना आवाज किती लांब जाईल? गृहस्थ म्हणाले, "काकू, शेजारच्या बिल्डिंगमध्ये पोचला तरी नशीब." दुसऱ्या कुणी आमचं कॉलसाइन वापरलं असेल? मग दारातली बाई त्याला कुठून दिसली? आजोबांनी नंतर पत्र टाकलं असेल? टपाल मीच करायचे. माझा वार चुकतोय? सोसायटीची नोटीस फाइलला आहे, उतरवलेल्या तारेबद्दल सेक्रेटरींची मंगळवारची चिठ्ठीही आहे. तुमच्या आईला फोन केला, तर ती म्हणाली, "आई, आता कशाला गं ते? झोप जरा."

आजार खरा होता, त्याबद्दल शंका नाही. पण त्याची सुरुवात त्या बुधवारी झाली असं आता मी म्हणू शकत नाही.

काल वही काढली. कोऱ्या ओळीत चिली, पेद्रो, दहा अठ्ठेचाळीस, सगळं लिहिलं. सहीच्या जागी हात थांबला, कारण मी ऐकलेलं नव्हतं. तरी केली.

तार हिरवी पडली आहे, सेट लागत नाही, दोन्ही भंगारवाल्याकडे जातील. वही आणि कार्ड तुमच्यासाठी ठेवलं आहे. वहीतली शेवटची ओळ भरलेली आहे.

— आजी