इनास सरांची दुसरी चाचणी

खेळ शिकवणाऱ्या इनास तुस्कानो सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते महाविद्यालयाच्या कचेरीच्या खिडकीतून. त्यांनी सायकल भिंतीला टेकवली, कॅरियरला सुतळीने बांधलेला फुटबॉल सोडला आणि तो काखेत घेऊनच ते आत आले. टायपिस्ट म्हणून कामाला लागून मला आठवडाच झाला होता. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी मला इंग्रजी पत्रं नीटनेटकी टाईप करायला शिकवलं होतं, पण सरांना पत्र मराठीत हवं होतं. अर्नाळ्याच्या एका पालकांना पाठवायचं ते पत्र त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं, "आपल्या चिरंजीवांचा डावा पाय आमच्या महाविद्यालयास हवा आहे."

माझी बोटं थांबली. "सर, पाय एकटा कसा येईल?"

"आधी पाय येऊ द्या, बाई. मुलगा मागोमाग येतो."

मी हसले आणि पत्र त्यांनी सांगितलं तसंच टाईप केलं. तो मुलगा आला, पुढे पदवीधरही झाला.

ही सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातली गोष्ट. अकरावी-बारावी नुकतीच महाविद्यालयांकडे आली होती आणि आपली वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती. भातकापणी झाली की वसईच्या गावागावांत शेतांची मैदानं व्हायची, आणि रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आलेली मुलं चांगले कपडे बदलायच्या आत फुटबॉल खेळायला लागायची. पळणारे आणि चेंडू पायात घोळवणारे खेळाडू प्रत्येक गावात होते. सर शोधायचे वेगळी मुलं. कॉर्नर, फ्री किक, गोलकिक, पेनल्टी, म्हणजे चेंडू जमिनीवर स्थिर ठेवून मारायचा असतो तेव्हा जी मुलं गडबडत नाहीत, ती त्यांना हवी असायची. त्यांचं म्हणणं असं, की मुंबईच्या मोठ्या कॉलेजांना आपण पळण्यात हरवू शकणार नाही. त्यांच्याकडे मैदानं आहेत, बूट आहेत, प्रशिक्षक आहेत. थांबलेला चेंडू मात्र दोघांसाठी सारखाच थांबलेला असतो.

खेळाडूंसाठी ठेवलेल्या मोजक्या जागांपैकी एक जागा त्यांनी प्राचार्यांकडून खास किक मारणाऱ्या मुलासाठी मागून घेतली होती. प्राध्यापकांच्या खोलीत त्यावरून त्यांची भरपूर थट्टा व्हायची. "काय इनास, पुढच्या वर्षी नुसता थ्रो टाकणारा आणणार का?" असं कुणी विचारलं की सर गंभीरपणे म्हणायचे, "बघून ठेवलाय."

त्यात एवढं अवघड काय असतं, असं मी एकदा विचारलं. सरांनी मला मैदानावर नेलं, चेंडू ठेवला आणि म्हणाले, "मारा." मी साडीत होते. कचेरीतला शिपाई, लायब्ररीतली मुलं, सगळी बघत राहिली. तेवढ्या क्षणात माझ्या मनात काय काय येऊन गेलं! चेंडू हातभर सरकला, चप्पल त्याच्या पुढे जाऊन पडली. सर हसले नाहीत. "आता कळलं? चेंडू पळत असला की विचार करायला वेळ नसतो. थांबला की असतो. तिथेच मुलं घाबरतात."

मुलं निवडण्याचे त्यांचे तीन नियम होते. चेंडू जो मारेल त्यानेच तो आणायचा. किक चुकली की मुलगा काय बोलतो ते नीट ऐकायचं; जमीन वाईट होती असं म्हणणाऱ्याला सर सहसा घेत नसत. तिसरा नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो. ज्याला घेतलं त्याला मी टाईप केलेलं पत्र टपालाने जायचं. ज्याला घेतलं नाही त्याच्या घरी सर स्वतः सायकलने जायचे, आईवडिलांसमोर बसून तो का निवडला गेला नाही ते सांगायचे, आणि चहा दिला तर पिऊन यायचे. "आनंदाची बातमी कागदावर चालते, बाई. दुसरी तोंडानेच द्यावी लागते."

याच नियमाशी जोडलेली एक गोष्ट इतकी वर्षं मी कुणाला सांगितलेली नाही. सरांच्या पंच्याहत्तरीच्या या गौरवग्रंथात लेखकाने स्वतःबद्दल फार बोलू नये हे मला कळतं. पण ती गोष्ट गाळून सरांचा मोठेपणा सांगणं मला जमणार नाही.

माझा धाकटा भाऊ रॉकी त्याच सुमारास एसएससीला काठावर पास झाला. गास गावात आमची भातशेती. पप्पांनी निकालाच्या दिवशीच सांगून टाकलं, "कॉलेजात जागा मिळाली तर शीक. नाही मिळाली तर उद्यापासून माझ्याबरोबर शेतावर." गुणांवर जागा मिळणं शक्य नव्हतं. उरली ती सरांची जागा. रॉकीचा पाय चांगला होता, हे माझा भाऊ म्हणून म्हणत नाही, सरही म्हणायचे. त्या जागेसाठी शेवटी दोनच मुलं उरली. एक रॉकी आणि दुसरा राजोडीच्या कोळीवाड्यातला भालचंद्र, ज्याला सगळे भालू म्हणत.

जूनमध्ये शेतं नांगरलेली आणि मैदानावर गुडघाभर पाणी. म्हणून सरांनी चाचणी राजोडीच्या किनाऱ्यावर, ओहोटीच्या वेळी ओल्या घट्ट वाळूवर घेतली. दोन टोकांना बांबूचे दोन-दोन खांब रोवले. भरती यायच्या आत आटपायचं होतं, आणि चेंडू ज्याचा त्याने आणायचा तर वेळ जाणारच. म्हणून सरांनी एका टोकाला रॉकीला उभं केलं, दुसऱ्या टोकाला भालूला, म्हणजे एक चेंडू आणेपर्यंत दुसरा मारेल. प्रत्येकाने आपापल्या टोकावरून समोरच्या खांबांमध्ये दहा किक मारायच्या. रॉकीच्या आठ गेल्या, भालूच्या पाच. सरांनी वहीत तसं लिहिलं. दुसऱ्या दिवशी मी यादी टाईप केली आणि स्वतःच्या हाताने फलकावर लावली. घरी आईने सणाला करतात ती तांदळाची सान्नां केली. पप्पांनी शेजारच्यांना बोलावून सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सर एका बैठकीसाठी ठाण्याला गेले होते. कचेरीच्या खिडकीशी सुक्या मासळीची पाटी उतरवून एक बाई उभ्या राहिल्या. "बाय, फुटबालवाले सर हायेत?"

"नाहीत. काही निरोप आहे का?"

"मी भालूची आय. त्या दिवशी मी तिथंच व्हते, होडीच्या आडोशाला. तो गासचा पोरगा वाऱ्यासंगती मारत व्हता आनि माजा पोरगा वाऱ्याच्या तोंडावर. धाच्या धा! ही कोनती परीक्षा? होडी बी अशी सोडत नाय कोनी. येवढं सांग सरांना."

त्यांनी पाटी डोक्यावर घेतली आणि जाता जाता म्हणाल्या, "त्या पोराचं काय वाईट नाय हां. गुनी हाय. माज्या भालूला पयलं पानी दिलं, मग सोता प्यायला. कोनाचा हाय, ठाव नाय."

तो माझा होता. आणि त्या म्हणत होत्या ते खरं होतं. जूनचा वारा नैर्ऋत्येकडून येतो. रॉकी दक्षिणेच्या टोकाला उभा होता. कोळीवाड्यातल्या लहान मुलालाही हे दिसलं असतं. सर पापडी गावचे, केळीच्या वाडीत वाढलेले. आम्हा वाडीच्या आणि शेताच्या माणसांना वारा आठवतो तो केळी आडव्या झाल्यावर.

सर त्याच दुपारी परत आले. मी निरोप दिला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. सकाळी रॉकी नव्या वह्यांना कव्हरं घालत बसलेला दिसायचा आणि मी स्वतःला सांगायचे, बघू, दुपारी सांगू. दुपारी सर समोरून जायचे आणि मी मशीनमध्ये कागद सरळ करत राहायचे. रोज रोझरीची प्रार्थना म्हणणारी मी. माझ्यासारखी मुलगी असं करू शकते हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

त्यानंतरच्या सकाळी सर आले ते पोटरीपर्यंत ओले. नियमाप्रमाणे भालूच्या घरी राजोडीला जाऊन आले होते. माझ्या टेबलाशी उभे राहिले. "बाई, एक नोटीस टाईप करायची आहे."

मी कागद लावला. सर सावकाश सांगत गेले, "फुटबॉलच्या राखीव जागेसाठी झालेल्या चाचणीत वाऱ्याची दिशा लक्षात घेतली गेली नाही. चूक सर्वस्वी माझी आहे. लावलेली यादी मागे घेत असून चाचणी पुन्हा होईल."

मी मशीनवरून हात काढले. "सर, त्या... भालूची आई इथे आल्या होत्या."

"हो. सांगितलं त्यांनी."

"परवा आल्या होत्या, सर. मी तुम्हाला..."

"तीन प्रती काढा," सर म्हणाले. "एक प्राचार्यांना लागेल."

एवढंच. त्यानंतर आजतागायत त्या दोन दिवसांबद्दल ते एक शब्द बोललेले नाहीत. प्राचार्य त्यांच्यावर चिडले, हे मी दाराबाहेर उभी राहून ऐकलं. "लावलेली यादी काढली तर लोक काय म्हणतील? आणि सही तुमची, चूक तुमची, असं लिहून कशाला द्यायचं?" सर म्हणाले, "कारण ती माझी आहे." कचेरीकडे कुणाचं बोट जाऊ शकतं, हे त्यांनी तिथे सूचितही केलं नाही.

दुसरी चाचणी त्याच किनाऱ्यावर झाली. या वेळी पाच किक एका टोकाकडून, पाच दुसऱ्या टोकाकडून. मी गेले होते. भालूच्या सात गेल्या. रॉकीच्या पाच. शेवटची चुकल्यावर रॉकीने काहीच म्हटलं नाही, धावत जाऊन चेंडू आणला आणि सरांच्या हातात दिला.

मग नियमाप्रमाणे सर आमच्या घरी आले. पप्पा रागावलेले होते. "मास्तर, गावभर सांगून झालंय आमचं! पोराला आधी खुर्चीत बसवलंत आणि मग उठवलंत. तुमच्याच कचेरीत मुलगी काम करते माझी, तिचाही मान नाही राखलात?"

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. आता सर त्या निरोपाबद्दल बोलतील, असं मला वाटलं. त्यांनी बोलायला हवं होतं, मी ते कबूल केलं असतं. सर म्हणाले, "तुमची मुलगी काम चोख करते. घाई मी केली. पहिल्याच दिवशी टोकं बदलली असती तर तुम्हाला हे बघावं लागलं नसतं. माफी मागायला आलोय." मग रॉकीकडे वळून म्हणाले, "तुझा पाय चांगला आहे. त्याचा आज जास्त चांगला होता. याच्यापुढे काही खोटं सांगून तुला बरं वाटेल, असं मला वाटत नाही."

पप्पा आत बघून ओरडले, "चहा झाला की नाही?"

भालूने पुढे दोन वर्षं आमच्या महाविद्यालयाला कॉर्नरवरून कितीतरी गोल मिळवून दिले. त्याच्यासारख्या मुलांना सर सरावाआधी तासभर लायब्ररीत बसवायचे आणि स्वतः दाराशी बसून पेपर वाचायचे, म्हणजे कुणी निसटायला नको. रॉकी कॉलेजात गेला नाही. वर्षभर शेतावर राबला, मग आयटीआय केलं, कारखान्यात लागला. चर्चच्या संघाकडून चाळिशी उलटेपर्यंत खेळला. सगळं गोड झालं, असं मी म्हणणार नाही. वह्यांना घातलेली ती कव्हरं आईने बरीच वर्षं कपाटात ठेवली होती.

हा लेख छापायला देण्याआधी मी रॉकीच्या घरी गेले. त्याच्याबद्दल लिहायचं तर त्याला विचारायला हवं होतं, आणि निरोपाची गोष्ट त्याला माहीतच नव्हती. मी वाचून दाखवलं. तो ओटीवर बसून ऐकत होता. साठी उलटलेला माझा धाकटा भाऊ. मला वाटलं रागावेल, किंवा उठून जाईल.

"बाय," तो म्हणाला, "मला पहिल्याच किकला कळलं होतं."

"काय कळलं होतं?"

"वारा माझ्या पाठीला लागत होता. शर्ट पुढे फुगला होता. भालू समोरून मारत होता आणि त्याचा चेंडू हवेत थांबल्यासारखा दिसत होता. मी सांगितलं नाही. म्हणून तर त्याला आधी पाणी दिलं."

मग त्याने विचारलं, "सरांना माझंपण माहीत असेल?"

मला वाटतं, असेल. तो किनारा, तो फुगलेला शर्ट त्यांनी नंतर मनात पुन्हा पुन्हा पाहिला असणार. तरी नोटिशीत त्यांनी लिहिलं, चूक सर्वस्वी माझी.

आज सर पंच्याहत्तर वर्षांचे होत आहेत. गुडघे तक्रार करतात, चालताना काठी लागते. पण संध्याकाळी पापडीला मुलं खेळायला जमली की ते कडेला येऊन उभे राहतात, आणि कुणी फ्री किक मारायला चेंडू ठेवला की सगळ्यांच्या आधी मान वर करून झाडांचे शेंडे बघतात. त्यांच्या हाताखालून गेलेली शेकडो मुलं आज कुठे कुठे पसरली आहेत. ती आपापल्या परीने सरांना शुभेच्छा देतीलच. आमची थोडी वेगळी आहे.

सर, त्या नोटिशीवर तुमची एकट्याची सही होती. इतक्या वर्षांनी तिच्याखाली गासच्या दोन भावंडांच्याही सह्या आहेत, असं समजा. आमचा वाटा आम्ही उचलला, तेवढं तुमचं ओझं कमी होवो. मोकळ्या खांद्यांनी, ठणठणीत तब्येतीने तुम्ही पुष्कळ वर्षं आमच्यात राहा, एवढंच देवाकडे आमचं मागणं आहे.