वरून हुकूम आला नाही

फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि गोव्यात डिचोलीजवळच्या गावी परतलो. चोवीस वर्षांत एकही हुकूम मोडला नव्हता. घरी बायकोचाही नाही.

खनिजाचे ट्रक सरकारी हुकमाने पुन्हा सुरू झाले आणि शाळेसमोरच्या अरुंद रस्त्याने धावू लागले. आठवड्यात दोन मुलं थोडक्यात वाचली. अर्ज करून झाले. शेवटी ठरलं, सोमवारी ०८०० वाजता रस्त्यावर बसायचं. ड्यूटी मी लावली. बायका पुढे, पुरुष मागे, चहा रिअरला.

आमचे पुजारी शाणूबाब तेवढ्यात अडले. "देवाक विचारल्याशिवाय रस्त्यार कोण बसतलो?"

सगळ्यांना पटलं. सरकारचा हुकूम मोडायला त्याच्याही वरचा हुकूम हवा होता. मला तर फारच बरं वाटलं, चेन ऑफ कमांड शाबूत राहिली.

सोमवारी ०७४० ला देवळात कौल लावला. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. ०८०० वाजले. एकही पडेना. ०८०५ ला हॉर्न ऐकू आला.

"शाणूबाब, ट्रक आयले!"

"देवाक घाई करूं नाकात."

"पंखो लावया?" कुणीतरी सुचवलं. शाणूबाबांनी नजरेनेच त्याचं कोर्ट मार्शल केलं.

बाहेर मुलं रस्ता ओलांडायला उभी होती. पहिला ट्रक वळणावर दिसला. मी गेलो आणि रस्त्याच्या मधोमध बसलो. एकटाच. ट्रक दहा पावलांवर थांबला. मागून सब-इन्स्पेक्टर धावत आले.

"कोणाच्या ऑर्डरने बसलात?"

"ऑर्डर नाही, सर." बसल्याबसल्या मी सॅल्यूट ठोकला.

"अटक करावी लागेल."

"करा, सर."

बायको येऊन शेजारी बसली. मागोमाग देऊळ रिकामं झालं. शेवटी शाणूबाबही आले. पाकळ्या अजून चिकटलेल्याच होत्या म्हणे. ११२० ला ट्रक मागे वळले आणि आम्हा चौदा जणांना व्हॅनमध्ये भरलं.

"तुमका आज झालां काय? सांगल्याशिवाय तुमी पाणीसुद्धा पियनात," बायको म्हणाली.

तेव्हा तिला पहिल्यांदाच तानाजीबद्दल सांगितलं. सरहद्दीवरच्या आमच्या गस्तीच्या तुकडीतला लान्स नाईक, कोल्हापूरकडचा, वय सव्वीस. समोरच्या उतारावरचा बर्फ भुसभुशीत आहे, हे मला दिसत होतं. रेडिओवर आलं, "मूव्ह." मी "रॉजर" म्हणालो आणि त्याला पुढे व्हायला सांगितलं. उतार त्याला घेऊन गेला.

त्यालाही तो बर्फ दिसत होता. पण हुकूम माझा होता.