विकून टाकलेल्या दोन नंबर मशीनचे ऑपरेटर

प्रताप नगरात नत्थूजी हेडाऊंना 'शनिवारचे नत्थूजी' म्हणत. हे नाव कोणी ठेवलं ते विचारू नका. ठेवणाऱ्याला दर दिवाळीत त्यांच्याच घरचा चिवडा खायचा असतो. पण नाव खोटं नव्हतं. नत्थूजी कोळशाच्या कंपनीत, चंद्रपूरला. कौसल्याबाई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका, म्हणून नागपूरला. शनिवारी संध्याकाळी नवरा यायचा, सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायचा. अकरा वर्षं हा संसार असा चालला. दोघं एकमेकांशी पाहुण्यासारखी बोलत. भाजी खारट झाली तरी नत्थूजी "छान झाली" म्हणून उठायचे.

मग १९७९ साली कंपनीच्या नागपूरच्या ऑफिसात दोन नंबरच्या मशीनवर ऑपरेटरची जागा निघाली आणि नत्थूजी रोज घरी येऊ लागले. दोन महिन्यांत त्या घरातून पहिल्यांदा भांडणाचा आवाज आला. घरांच्या सगळ्या लाइनला बरं वाटलं.

दोन नंबर म्हणजे कॉम्प्युटरच, पण जुना. तीन लोखंडी कपाटं शेजारी शेजारी ठेवावीत एवढा. त्याला भोकं पाडलेली कार्डं खायला घालायची आणि कोणत्या खाणीत कोणता सुटा भाग पडून आहे याची लांबलचक यादी त्यातून निघायची. ते तापायचं, अडायचं, कधी कधी कागद चावायचं. नत्थूजींना त्याचं सगळं पाठ होतं.

१९८७ च्या एप्रिलात ते मशीन निकालात काढलं. वाडीच्या भंगारवाल्याचा ट्रक आला, आठ हमालांनी कपाटं चढवली आणि नत्थूजी फाटकात उभे राहून ट्रक अमरावती रोडला लागेपर्यंत बघत राहिले. मागोमाग आस्थापना विभागाचा कागद आला. ऑपरेटरची जागा मशीनला जोडलेली होती; मशीन गेलं, जागाही गेली; नत्थूजींनी एक जुलैला कोरब्याच्या ऑफिसात हजर व्हावं.

कौसल्याबाईंनी कागद दोनदा वाचला.

"कोरबा कुठी आलं?"

"बिलासपूरच्या पल्याड."

"म्हंजे शनिवारी बी नाही जमत."

"दोन महिन्यांतून एकदा जमन."

त्या भांडल्या नाहीत, आणि तीच वाईट गोष्ट होती. इतक्या वर्षांत कमावलेलं भांडण त्या दिवशी बंद पडलं. पुन्हा पाहुण्यासारखं सुरू झालं: पाणी हवं का, गादी घालू का.

आता इथून पुढं गोष्ट घोटाळ्याची आहे. ज्याला कळेल त्याचं कौतुक. नत्थूजींना कळली नाही, आणि त्यांच्याकडून ऐकून सांगणाऱ्याला तरी कुठून कळणार?

ऑफिसात टेबलावर मावेल असा नवा कॉम्प्युटर आला होता. तो चारुशीला वझलवार बाईंच्या ताब्यात. बाई धरमपेठेतल्या, इंजिनियर, डोक्यानं तल्लख. अडचण एवढीच होती की सुट्या भागांच्या यादीचा प्रोग्राम दोन नंबरसाठी लिहिलेला. लिहिणारा गृहस्थ केव्हाच वारला होता आणि आत काय लिहून ठेवलं आहे ते कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून मशीन विकायच्या आधी बाईंनी तो प्रोग्राम जसाच्या तसा फ्लॉपीवर उतरवून घेतला, आणि नव्या कॉम्प्युटरमध्ये अशी काही योजना केली की त्यानं दोन नंबरचं सोंग घ्यावं.

जूनच्या एका मंगळवारी त्यांनी नत्थूजींना बोलावलं. "नत्थूजी, हे ४७ वर अडून राहिलं. तुम्हाला काही माहीत आहे का?"

नत्थूजींनी पडद्याकडं पाहिलं. हिरवा ४७.

"हा तर दोन नंबरचा ४७ हाय."

"हो."

"पन ते तर ट्रकात गेलं! माह्या डोळ्यासमोर!"

"लोखंड गेलं. वागणं आपण ठेवून घेतलं."

नत्थूजींनी टेबलाखाली वाकून पाहिलं. खाली बाईंच्या चपला होत्या.

"बरं, ४७ म्हणजे काय?"

"दोन हजार ओळी छापून झाल्या का मशीन थांबते. मंग तीन नंबरचा स्विच वर करायचा आन् सुरूचं बटन दाबायचं."

"स्विच सगळे मी पडद्यावर काढून ठेवले आहेत. पण तिसरा वर करायचा हे कुठंच लिहिलेलं नाही."

"लिहिलेलं नाहीच. बोटाले माहीत हाय." नत्थूजी खुर्चीवर बसले आणि हात मांडीवर ठेवून स्वस्थ राहिले.

बाई थांबल्या. पाच मिनिटं गेली. "करा ना."

"पंधरा मिनिटं जाऊ द्या, बाई. थंडं होऊन राहिलं."

"कोण?"

नत्थूजींनी पडद्याकडं बोट केलं, मग बोट मागं घेतलं. "छपाईचा भाग तापे नं. म्हनून तर थांबवाचं."

"अहो, इथं तापायला तो भागच नाही!"

"मंग थांबलं काहून?"

प्रोग्राम थांबला कारण तो दोन नंबरवर थांबत असे, हे खरं. पण तापलेलं काहीच नव्हतं, हेही खरं. बाईंनी घड्याळ बघितलं आणि चहा मागवला. पंधरा मिनिटांनी नत्थूजींनी कीबोर्डवरून तिसरा स्विच वर केला, सुरू केलं, आणि यादी पुन्हा छापायला लागली.

ती यादीच नडली. मुख्यालयाचे तपासनीस आठवडाभरानं आले आणि त्यांनी मथळा वाचला: यंत्र क्रमांक २, नागपूर, नऊ जून. त्यांच्या दुसऱ्या हातात विक्रीची फाइल होती: यंत्र क्रमांक २, विकले, एप्रिल.

आस्थापनेचे विश्वनाथ पांढरीपांडे यांनी बाईंना आणि नत्थूजींना बोलावलं.

"बाई, दोन नंबर विकलं की नाही?"

"विकलं."

"मग हे छापलं कोणी?"

"नव्या कॉम्प्युटरनं."

"मग वर दोन नंबर काहून?"

"प्रोग्रामला वाटतं की आपण दोन नंबरवरच चालून राहिलो."

"वाटतं? अहो, मग सांगा ना त्याला समजावून!"

"कळलं तर तो चालणारच नाही, साहेब. त्याला न कळू देणं हेच तर माझं काम होतं."

तपासनीस एकदा बाईंकडं, एकदा फाइलकडं बघत होते. "मशीन विकलं नसेल तर विक्री खोटी. विकलं असेल तर यादी खोटी. मला कोणतंही एक लिहून द्या. माझी चारची गाडी आहे."

पांढरीपांड्यांना वाट सुचली. त्यांनी भराभर चार ओळी लिहिल्या: यंत्र क्रमांक २ असा उल्लेख ऑपरेटरच्या नजरचुकीने झाला, असे यंत्र अस्तित्वात नाही. कागद नत्थूजींपुढं सरकवला. "करा सही. तुम्हाला तसंही कोरब्याला जायचं आहे. तिथं कोण विचारतं?"

नत्थूजींनी पेन घेतलं. आयुष्यात वरिष्ठांनी पुढं केलेल्या कागदावर त्यांनी सही केली नाही असं झालं नव्हतं. पेनाचं टोक कागदाला टेकलं आणि तिथंच राहिलं. शाईचा ठिपका वाढत गेला.

"साहेब, एक सांगा. मंगळवारी मी चालू कोनतं केलं?"

"आता ते कशाला?"

"नाही, म्हंजे ते नसन तर ४७ कोनाचा होता? अन् पंधरा मिनिटं मी कोनासाठी बसलो? बाई बी बसल्या होत्या."

बाईंनी मान खाली घातली. "बसले होते."

"नत्थूजी, सही करा हो!"

"मले कोरब्याले जायाचं नाही, साहेब, हे तुमालेही माहीत हाय. पन त्याच्यासाठी नाही अडलो. मले खरंच समजून नाही राहिलं ते हाय का नाही. न समजता 'नाही' कसं लिहू? उद्या ४७ वर अडलं अन् माही सही पुढं ठेवली तर?"

त्यांनी पेन टोपणात घातलं.

बाई म्हणाल्या, "आणि ४७ येतंच राहणार आहे. पुढं ५२ आहे, ६१ आहे. त्यांना काय करायचं ते मला माहीत नाही, यांना माहीत आहे."

पांढरीपांड्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. जुना कागद फाडला. नव्यावर बराच वेळ काहीतरी लिहिलं, खोडलं, आणि शेवटी वाचून दाखवलं: यंत्र क्रमांक २ चा लोखंडी भाग विकण्यात आला, उर्वरित यंत्र चालू आहे.

"उर्वरित म्हणजे?" तपासनीसांनी विचारलं.

"उर्वरित म्हणजे... राहिलेलं."

तपासनीसांनी घड्याळ पाहिलं आणि खाली शेरा मारला. जाता जाता म्हणाले, "चालू यंत्राचा ऑपरेटर मग कोरब्याला कसा पाठवता?"

संध्याकाळी नत्थूजी घरी आले तेव्हा कौसल्याबाई दारासमोरच्या ओट्यावर कोरब्यासाठी नवी गादी शिवत होत्या.

"जानं रद्द झालं वं."

सुई थांबली. "काहून?"

"मशीन हाय म्हने अजून."

"ते तर विकलं होतं नं?"

"विकलंच हाय."

"मंग हाय कुठी?"

नत्थूजींनी सांगायचा प्रयत्न केला. नवं मशीन जुन्याचं सोंग घेते, आतल्याले वाटते का आपन जुन्यातच हाव. कौसल्याबाईंनी चौथीचा वर्ग ऐकतात तसं सगळं ऐकून घेतलं.

"अन् उद्या हे नवं बी जुनं झालं, विकलं, तर?"

"तर हे त्याच्याहून नव्यात घालतीन. दोन नंबर याच्यात, अन् हे त्याच्यात."

"अन् तुमाले?"

नत्थूजी विचार करू लागले. आकाश भरून आलं होतं आणि थेंब पडू लागले होते.

"विचार मंग करा!" कौसल्याबाई खेकसल्या. "आधी गादी आत घ्या, वल्ली होऊन राहिली! इतक्या वर्षांत एक काम सांगितल्याबिगर केलं असन तर शपथ!"

हा आवाज चार घरं पलीकडं गेला. नत्थूजींनी गादीचं एक टोक धरलं, त्यांनी दुसरं, आणि दारात ती आडवी न्यावी की उभी यावर दोघांचं जोरात लागलं.