मुंबईत एक काका हवेत

मंडळी, आज ऑफिसात अशी जळले आहे की अजून धूर निघतोय.

आमची छोटी कंपनी दवाखान्यांना सॉफ्टवेअर पुरवते. झाशीच्या उन्हाळ्यात आमचे सर्व्हर तापून बंद पडतात. म्हणून ते मोठ्या शहरातल्या डेटा सेंटरमध्ये भाड्याने जागा घेऊन ठेवायचं ठरलं. सिंगापूर की मुंबई? तीन आठवडे सगळी तुलना मी केली. कुठून पान लवकर उघडतं, हे झाशीजवळच्या गरौठा गावातल्या दवाखान्यात बसून मीच तपासलं. मुंबई जिंकली.

आज साहेब म्हणाले, "जगह देखने लोकेंद्र जाएगा. मुंबई तो आपका घर ही है मैडम, सब देखा हुआ होगा."

अहो, मराठी असलो तरी आमचं घराणं अडीचशे वर्षं झाशीत आहे! मी मुंबई फक्त टीव्हीवर पाहिली आहे. आणि माझ्या शेजारच्या टेबलावरच्या या लोकेंद्रने माझा रिपोर्ट उघडलासुद्धा नव्हता. आज मात्र दुपारभर मोबाइलवर समुद्राचे फोटो बघत होता.

निघताना मला विचारतो कसा, "दीदी, वहाँ आपके रिश्तेदार तो होंगे? दो दिन रुक जाऊँगा."

माझ्या वाट्याची मुंबई घेऊन चाललेल्या माणसासमोर 'तिथे माझं कुणी नाही' हे कसं कबूल करू? बोलून गेले, "हैं ना, हमारे सगे काका हैं."

शुक्रवारी त्याची गाडी आहे. मुंबईकरांनो, दोन दिवसांसाठी कुणी माझे काका व्हाल का?

जेवूखाऊ घाला. फक्त त्याला समुद्र दाखवू नका.