धाकटीचं चौदा प्रेशर

थोरलीच्या डोळ्यांत प्रेशर निघालं तेव्हा धाकटीच्या पोटात दुखायला लागलं. दोघी जावा. थोरलीला काहीही मिळालं, मग ते आजारपण का असेना, की धाकटीला वाटायचं, झालं, यातही हिचाच नंबर पहिला.

दोघींचं मिळून केस कापायचं दुकान होतं. तळमजल्यावर दुकान, वरच्या मजल्यावर धाकटीचा संसार, त्याच्यावर थोरलीचा. दुकानात दोन खुर्च्या, दोन आरसे आणि मागे केस धुवायचं बेसिन. खिडकीजवळची खुर्ची थोरलीची. खरं म्हणजे कात्री धाकटीचीच जास्त चांगली चालायची, आणि हे थोरलीही चारचौघांत कबूल करायची. पण गिऱ्हाईक दार ढकलून आत आलं की पहिली नजर खिडकीकडे. "मोठ्या ताई मोकळ्या आहेत का?" नसल्या तर मग धाकटी.

यात धाकटीच्या बोटांचाही दोष होता. तिची बोटं बारा महिने गारठलेली. मानेला हात लागला की बायका शहारायच्या. "अगं बाई, बर्फातून हात काढून आलीस का?" थोरलीचे हात ऊबदार, बोलणंही ऊबदार. तिच्या खुर्चीत बसलेल्या बाईला डुलकी लागायची.

आणि दुखणं फक्त गिऱ्हाइकांचं नव्हतं. धाकटीला एकच मुलगी, चिमी. थोरलीला मूलबाळ नव्हतं. चिमी शाळेतून आली की दप्तर आईच्या अंगावर टाकायची आणि शाळेतल्या गोष्टी सांगायला वर पळायची. थोरलीला ती 'मोठी आई' म्हणायची. नातं तसंच होतं, शब्दही बरोबरच होता, पण त्यातलं ते 'मोठी' धाकटीच्या कानाला दरवेळी टोचायचं. चिमी पुढे नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली, तरी रोजचा पहिला फोन वरच्या मजल्यावरच.

अशात थोरलीच्या डोळ्यांचं प्रेशर निघालं. सव्वीस. डॉक्टरांनी थेंब दिले आणि दर काही महिन्यांनी दाखवायला यायला सांगितलं. घरात मात्र त्या सव्वीसचा दबदबा असा वाढला की विचारता सोय नाही. तिच्याशी वाद घालू नका, प्रेशर वाढेल. तिला जड उचलू देऊ नका, प्रेशर वाढेल. यातलं डॉक्टरांनी काहीएक सांगितलं नव्हतं, ही सगळी घरचीच डॉक्टरकी. चिमी रोज फोनवर विचारायची, "मोठी आई, थेंब घातलेस ना?" आणि धाकटी तिथेच, ओले हात टॉवेलला पुसत, आता तरी आपल्याबद्दल विचारते का म्हणून कान देऊन उभी असायची.

थोरलीला दवाखान्यात न्यायचं काम अर्थातच धाकटीकडे. तिथे एकदा मदतनीस पोरगा म्हणाला, "बसा काकू, तुमचंही बघून टाकतो." डोळ्यावर हवेची एक फुंकर, फुस्स. "चौदा! एकदम झकास."

घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं, "माझंही तपासलं आज. चौदा."

"तुला काय धाड भरलीय?" म्हणून तो पेपर वाचत बसला.

पुढे फॅमिली डॉक्टरांना तिचा रक्तदाब थोडा वाढलेला सापडला. खोटं कशाला बोला, तिला जरा बरंच वाटलं. झोपायच्या आधी ती गोळीचं पाकीट खडखडवत काढायची, पाणी मोठ्याने ओतायची. कुणी ढुंकून पाहिलं नाही.

मग कापण्यात चुका व्हायला लागल्या.

शाळेत शिकवणाऱ्या एक बाई होत्या. सगळ्या गिऱ्हाइकांत तेवढ्या एकट्या खास धाकटीच्या. थोरली रिकामी असली तरी थांबायच्या आणि तिच्याकडूनच केस कापून घ्यायच्या. त्यांच्या कपाळावरच्या बटा धाकटीने नीट सरळ कापल्या, ब्रश फिरवला, आरसा दाखवला. बाई म्हणाल्या, "इथे काही केस लांब राहिलेत."

धाकटीने पाहिलं. राहिले होते. कापले. "अजून इथे," बाई म्हणाल्या. तिने पुन्हा कापले, आणि आता दुसरी बाजू तोकडी दिसायला लागली. शेवटी बाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "रागावू नका हं, पण मोठ्या ताईंना जरा बघायला सांगता?"

थोरली आली, कात्री चार वेळा करकरली आणि बटा ओळीत आल्या. पुढच्या खेपेला बाई सरळ खिडकीजवळ जाऊन बसल्या.

धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. हिनेच फूस लावली असणार, असं तिने मनाशी पक्कं केलं. त्यात आणखी बारीकसारीक घडत होतं. वाचताना ओळीतला मधलाच शब्द नाहीसा व्हायचा आणि मान हलवली की परत यायचा. चहा कपाबाहेर सांडायचा. "वेंधळी झालीस," नवरा म्हणायचा. ती म्हणायची, दुकानातला उजेड वाईट आहे. सगळा उजेड एकाच खुर्चीला.

एक दिवस गिऱ्हाईक नसताना ते सगळं बाहेर आलं. "उजेड तुमच्याकडे, गिऱ्हाइकं तुमच्याकडे, माझी पोटची पोरसुद्धा तुमच्याकडे! माझ्यासाठी काय ठेवलंत, जाऊबाई?"

थोरलीने हातातला कंगवा खाली ठेवला. प्रेशर वाढेल वगैरे काही म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, "उद्यापासून तू खिडकीत बस."

दुसऱ्या दिवशी धाकटी खिडकीतल्या खुर्चीमागे उभी राहिली. स्वच्छ ऊन होतं, केसन् केस उजळून निघाला होता. आणि तरीही पहिल्याच बाईच्या बटा वाकड्या गेल्या. त्या दिवशी धाकटी आतून हादरली. पण उजेडावरून एवढं रणकंदन केल्यावर आता कुणाला सांगणार? मूग गिळून बसली.

थोरलीला दाखवायचा दिवस आला तशी ती नेहमीसारखी सोबत गेली. पोराने नेहमीसारखी फुंकर मारली. "चौदा. झकास. उठा काकू."

धाकटी उठली नाही. "यांना एवढी मशिनं आणि मला नुसती फुंकर?"

आतल्या डॉक्टरबाईंनी ते ऐकलं. त्या बाहेर आल्या. "तुम्हाला काही त्रास होतो का?"

तेव्हा बटांचं सांगायला हवं होतं. पण शेजारी थोरली उभी होती. धाकटी म्हणाली, "त्रास नाही. पण मीही याच घरातली आहे. मलाही तपासा."

डॉक्टरबाई हसल्या. "बरोबर बोललात. चाळिशी उलटली की सगळ्यांनीच डोळ्याचा मागचा भाग बघून घ्यायला हवा." त्यांनी बाहुली मोठी करायचे थेंब घातले आणि थोड्या वेळाने भिंगातून बघायला लागल्या. बघत राहिल्या. दुसरा डोळा, मग पुन्हा पहिला. इतकं लक्ष देऊन आपल्याकडे कुणीतरी बघावं असं धाकटीला वर्षानुवर्षं वाटत आलं होतं. आता मात्र तिला वाटायला लागलं, पुरे की बाई, सोडा.

"हात-पाय गार पडतात?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"कायम," थोरलीनेच उत्तर दिलं. "सगळी गिऱ्हाइकं ओरडतात."

"अर्धं डोकं दुखतं कधी?"

"पूर्वी फार दुखायचं," धाकटी म्हणाली.

"रक्तदाबाची गोळी? ती कधी घेता?"

"झोपताना." धाकटीला आश्चर्य वाटलं. डोळ्यांची डॉक्टर ही, हिला गोळीशी काय करायचंय?

त्यांनी आणखी तपासण्या करायला सांगितल्या. त्यातली एक नजरेच्या आवाक्याची, बाहुलीवरचा थेंबांचा असर उतरल्यावर दुसऱ्या दिवशी करायची. एका पांढऱ्या मोठ्या वाडग्यासारख्या मशिनात तोंड घालायचं, मधल्या ठिपक्यावर नजर रोखायची आणि आजूबाजूला कुठेही बारीक दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. थोरलीने ही परीक्षा कितीदा तरी दिली होती आणि दरवेळी पास झाली होती. धाकटीने ठरवलं, हिच्यापेक्षा एकही दिवा कमी दाबायचा नाही.

पण दिवे येईनात. मध्येच बराच वेळ नुसता पांढरा शुकशुकाट. तिला वाटलं, मशीन बिघडलं असेल. तिने दोन-तीनदा उगाचच बटण दाबलं.

"काकू, अंदाजाने दाबू नका," पोरगा म्हणाला. "दिवे लागतायत."

कागद बाहेर आला. उजव्या डोळ्याच्या चित्रात, अगदी मध्याला लागून, काळा डाग. डाव्यातही तिथेच करडी सावली धरायला लागलेली.

"हा काचबिंदू आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"कसा असेल? माझं तर चौदा आहे! काचबिंदू यांना आहे. यांचं सव्वीस आहे."

डॉक्टरबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "बहुतेकांना असंच वाटतं. पण प्रेशर म्हणजे काचबिंदू नव्हे. डोळ्यातून मेंदूकडे जी नस जाते ती झिजायला लागली, की तो काचबिंदू. प्रेशर जास्त असलं की ती झिजायची भीती जास्त, इतकंच. प्रत्येकीची नस सारखी दणकट नसते. यांची नस सव्वीस सोसते आहे. तुमच्या नसेला चौदाही झेपत नाही."

"म्हणजे यांना काचबिंदू..."

"नाही. कधीच नव्हता. होऊ नये म्हणून थेंब आहेत. शिवाय यांच्या बुबुळावरचा पारदर्शक पडदा जाड आहे, त्यामुळे मशीन आहे त्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवतं. तुमचा पातळ आहे, म्हणून तुमचा आकडा थोडा कमी दिसतो."

मग त्यांनी गार बोटांचं सांगितलं. अशा लोकांच्या बारीक रक्तवाहिन्या कधीकधी लवकर आखडतात आणि नसेला रक्त कमी पोचतं. झोपेत रक्तदाब तसाही उतरतो. त्यात झोपतानाच गोळी घेतली तर तो फारच खाली जात असण्याची शक्यता असते. "पण गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. मी तुमच्या डॉक्टरांना कळवते. ते दिवस-रात्र दंडाला मशीन बांधून बघतील आणि ठरवतील."

"आणि डाग?"

"गेलेलं परत येत नाही. राहिलेलं सांभाळायचं. थेंबांनी चौदाचं दहा करू. लोकांसाठी चौदा नॉर्मल असेल, तुमच्यासाठी ते जास्त आहे. आणि सख्खी भावंडं, मुलं, सगळ्यांना तपासायला सांगा."

धाकटीने थोरलीच्या हातातला तिचा कागद पाहिला. पांढराशुभ्र, कुठे ठिपका नाही. तिच्या काळजात अशी काही कळ उठली की भीती मागेच राहिली. इतकी वर्षं घराने जिला तळहातावर झेललं तिला काही झालंच नव्हतं. आणि जिला झालं होतं ती तिचे थेंब आणायला फार्मसीच्या रांगेत उभी राहत होती.

बसमध्ये थोरली पदराने डोळे पुसायला लागली.

"रडायचं कुणी?" धाकटी कडाडली. "की रडणंसुद्धा तुम्हीच घेतलंत?"

थोरलीला हुंदक्यातच हसू फुटलं. मग ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुला वाटतं सगळं मलाच मिळालं. चिमी मला 'मोठी आई' म्हणते. तुला नुसतं 'आई' म्हणते. तुझ्या त्या नुसत्यावर मी किती जळलेय, तुला काय माहीत."

हे ऐकून धाकटीला वाईट वाटायला हवं होतं. तिला बरं वाटलं. चांगलंच बरं वाटलं.

थेंब सुरू झाले. दंडाच्या मशिनात डॉक्टरबाईंची शंका खरी निघाली, आणि फॅमिली डॉक्टरांनी गोळी बदलून सकाळची केली. दुकानात बटा कापायचं काम धाकटीने स्वतःहून थोरलीकडे दिलं. देताना जीव तुटला, पण दिलं. रंग लावणं आणि लांब केस तिने आपल्याकडे ठेवले. पुढच्या तपासण्यांत काळा डाग होता तेवढाच राहिला, पसरला नाही. घरात आता "धाकटीला दगदग नको" सुरू झालं, आणि आपल्या सव्वीसचं कुणी नावही काढत नाही म्हणून थोरलीने एकदा दिवसभर तोंड पाडलं. तो दिवस धाकटीला फार छान गेला.

चिमीला तपासणीचा निरोप गेला होता. एका दुपारी तिचा फोन आला, आणि तो आला थोरलीच्याच फोनवर. थोरली दोन मिनिटं बोलली आणि मग फोन पुढे केला. "घे, पास झाली तुझी पोर."

धाकटीच्या कपाळावर आठी आली. "मला आधी करता येत नव्हता का फोन?"

"आई, तुझा लागत नव्हता! ऐक ना. बारा आणि तेरा. एकदम नॉर्मल."

"आकडे नको सांगूस. मागची नस बघितली का?"

"नाही... फुंकर मारली आणि म्हणाले, झकास. मोठी आई म्हणाली, पुरे आहे."

"मोठ्या आईला काय कळतंय?" धाकटीचा आवाज दुकानभर घुमला. "तिला काचबिंदू आहे का? मला आहे! परत जा, थेंब घालून नस बघायला सांग, आणि मग मला फोन कर. मला!"

बेसिनपाशी थोरलीने नळ इतका जोरात सोडला की डोकं धुवून घेणारी बाई किंचाळली.

चिमी आठवड्याभरात परत गेली. नस चांगली होती, पण दरवर्षी दाखवायला सांगितलं. या वेळी तिने आधी आईलाच फोन केला. धाकटी बराच वेळ बोलत राहिली, आणि वरच्या मजल्यावर निरोप द्यायला मुद्दाम संध्याकाळी गेली.